वाचक विचारतात: बाबा लढाईबद्दल बोलतच नाहीत, आठवणी जपायच्या कशा?

प्रश्न: माझे वडील बॉम्बे सॅपर्समध्ये होते, ७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर. आता ऐंशीच्या पुढे आहेत. कधीही विषय काढला की "त्यात काय सांगायचं, ड्युटी होती, केली" एवढंच म्हणतात. नातवाने विचारलं तरी तेच. आई म्हणते मला काय विचारताय, मी तर गावी सासू-सासऱ्यांजवळ होते. दोघंही थकलेत, उशीर होईल अशी भीती वाटते. काय करू?
– एक वाचक, विश्रांतवाडी

उत्तर: सगळ्यात आधी, "बाबा लढाईबद्दल सांगा ना" हे म्हणायचं बंद करा. एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस सुरुवात कुठून करणार, आणि लढाई म्हटलं की जे सोबती परत आले नाहीत त्यांचेच चेहरे आधी समोर येतात, मग गप्प बसणंच सोपं वाटतं. त्यापेक्षा कामाबद्दल विचारा. सॅपर म्हणजे सैन्यासाठी पूल बांधणारा, सुरुंग काढणारा, हाताने काम केलेला माणूस. बेली पूल म्हणजे लोखंडी भाग जोडून झटपट उभारायचा पूल, त्याचं एक पॅनल दहा फूट लांब, वजन अडीचशे किलोच्या वर, सहा जणांनी मिळून उचलायचं. "बाबा, अंधारात ते सहा जण पाय कसे जुळवायचे हो? हुकूम कोण द्यायचं, आवाज न करता पिन कशी ठोकायची?" असं विचारून बघा. सुरुंग शोधताना प्रॉडर, म्हणजे ती टोकदार सळई, जमिनीत किती तिरका घालायचा, हाताला काय लागलं की थांबायचं, हे विचारा. हात आपोआप हलायला लागतात, आणि एकदा हात हलले की शेजारी कोण होता ते नाव पण येतंच, तुम्हाला वेगळं विचारावं लागत नाही.

सकाळचा चहा झाला की बसा, पाऊण तास पुरे. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून त्यांच्या जवळ ठेवा, खाली एखादं जाड फडकं घाला, पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर नंतर लावा. सुरुवातीला तारीख आणि कोण कोण बसलंय ते स्वतःच्या आवाजात बोला, कारण वीस वर्षांनी ऐकणाऱ्याला ते कळणार नाहीये. मध्येच पलटणीची हिंदी येईल, येऊ द्या. तारखा चुकल्यासारख्या वाटल्या तरी तिथे टोकू नका, वेगळ्या वहीत टिपून ठेवा. कधी कधी आपणच चुकीचे असतो. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली हे आपण शाळेत शिकलो, पण पश्चिमेला गोळीबार थांबला तो १७ ला रात्री आठला, त्यामुळे बाबा म्हणाले की "१७ ला पण चालूच होतं" तर त्यांचं बरोबर आहे. आणि सुरुंग काढायचं काम तर त्यानंतरही चालू राहिलं, त्याबद्दल जरूर विचारा, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. मध्येच गप्प झाले तर पाणी द्या आणि नुसतं बसा, रेकॉर्डिंग चालू राहू द्या. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही किंवा चिडचिड वाढली असं दिसलं तर काही दिवस विषय सोडा, आणि ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, डॉक्टरांना सांगा.

आता आईबद्दल, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आईचं रेकॉर्डिंग आधी करा आणि वेगळं करा. बाबा समोर असले की ती त्यांच्याकडे बघणार आणि "तुम्हीच सांगा" म्हणणार. "मी तर गावी होते" असं ती म्हणते ना, तिथूनच सुरू करा. पत्रावर ठिकाण नसायचं, नुसतं ५६ एपीओ हा लष्करी टपालाचा पत्ता, मग ते कुठे असतील असं तिला वाटायचं? पत्र वाचून कोण दाखवायचं, आणि सासऱ्यांनी मोठ्याने वाचलेल्या पत्रात नवऱ्याने बायकोसाठी काय लिहिलेलं असायचं? मनीऑर्डर कोणाच्या हातात पडायची? बातम्या ऐकायला रेडिओ गावात कोणाकडे होता, बायकांना तिथे बसता यायचं का? तारवाला गल्लीत शिरला की काय व्हायचं? बाबांच्या पलटणीच्या कामाची नोंद कुठल्या तरी सरकारी दप्तरात असेल, २०२१ साली संरक्षण मंत्रालयाने असे कागद साधारण २५ वर्षांनी खुले करायचं धोरण पण आणलंय. आईने ते दिवस कसे काढले हे मात्र कुठल्याच फाईलमध्ये नाही, ती एकटीच सांगू शकते.

प्रश्न: आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. चावडीजवळ एक दगड आहे, त्यावर पहिल्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती मेले एवढेच आकडे आहेत. पणजोबा "बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" असं घरात सांगतात. त्यांचं नाव कुठे सापडेल?
– एक वाचक, वारजे

उत्तर: असे दगड आपल्याकडे गावोगाव आहेत. तुमच्याच जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे आहे, तिथले ४६ जण त्या युद्धात कामी आले. बसरा म्हणजे मेसोपोटेमियाची, आजच्या इराकमधली आघाडी, आणि तिथे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन होतं, मराठा पलटणी तिच्यात होत्या. कूत गावात ती वेढली गेली, अन्न संपलं, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं. नंतर कैदेतही खूप जण मेले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची नावं कोरली पण साध्या भारतीय शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा टाकला, म्हणजे तिथेही तुमच्या चावडीसारखंच. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये अशा भेदभावाबद्दल माफी मागितली.

पण नावं रजिस्टरमध्ये होती आणि आता त्याच कमिशनच्या वेबसाईटवर फुकट शोधता येतात. नावाने सापडलं नाही तर घाबरू नका, तेव्हाचे कारकून इंग्रजीत कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचे, त्यामुळे जाधव, शिंदे, पवार सगळ्यांची चार-चार स्पेलिंगं करून बघा, आडनाव सोडून नुसतं पहिलं नाव टाका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका असतो, तेवढ्यावरून खात्री होते. जोडीला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला विचारा की पणजीला पेन्शन मिळायचं का आणि ते आणायला ती कुठे जायची. दगडाचा फोटो सकाळचं तिरकं ऊन असताना काढा, झिजलेली अक्षरं उठून दिसतात. त्यावर ऑईलपेंट मारायचा उत्साह कोणी दाखवला तर कृपा करून थांबवा.

प्रश्न: माझ्या घरचं कोणी सैन्यात नव्हतं. १९६२ ला मी शाळकरी होते, आम्ही मुलींनी जवानांसाठी स्वेटर विणले, आईने संरक्षण निधीला हातातली बांगडी दिली. ६५ ला शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून सोमवारी रात्री चूल पेटत नसे. हे लिहिण्यासारखं आहे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: काकू, नक्की लिहा, आजच सुरू करा! बांगडी काढताना आईला साबण लावायला लागला का, आजी काही बोलली का, वडिलांना आधी विचारलं होतं की नंतर कळलं? लोकर कोणी आणून दिली, पहिल्यांदा बाही कोणाची चुकली? चव्हाणसाहेब संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं सगळेच म्हणायचे, ते पुस्तकांत मिळतं. तुम्ही स्वतः पाहिलेलं एका रंगाच्या शाईने आणि नंतर वाचलेलं-ऐकलेलं दुसऱ्या शाईने लिहा, म्हणजे पुढच्यांना फरक कळेल. टाईप करत बसू नका, साधी वही चालेल, पानाच्या एकाच बाजूला लिहा. स्कॅन नातवंडं करतील.

प्रश्न: वडील गेले. पदकं, फोटो, पत्रांचा गठ्ठा आहे. जपायचं कसं आणि द्यायचं कोणाला?
– एक वाचक, खडकी

उत्तर: ज्या पुण्यात पेशवाईचा एकेक कागद जपला गेला तिथे शिपायांची पत्रं घर बदलताना रद्दीत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

पदकं ब्रासोने घासू नका, कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं ते झिजतं, आणि शोध घ्यायला तोच नंबर लागतो. ७१ च्या लढाईचं पदक असेल तर पश्चिमी स्टार की पूर्वी स्टार यावरून कुठल्या आघाडीवर होते ते कळतं. पत्रं लॅमिनेट करू नका, सेलोटेप नको, पिना काढा. पाकीट आणि पत्र बरोबरच ठेवा, कारण तारखेचा शिक्का पाकिटावर असतो. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिलीने कडेला लिहा. सहाशे डीपीआयला स्कॅन करा आणि एक कॉपी दुसऱ्या घरी, बहिणीकडे वगैरे ठेवा.

देण्यासाठी आधी वडिलांच्या रेजिमेंटच्या सेंटरला पत्र टाका, बॉम्बे सॅपर्सचे असतील तर ते खडकीतच, मराठा असतील तर बेळगावला. दिल्लीची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन पण लष्करी इतिहासावर काम करते. मूळ वस्तू सोपवायच्या असतील तर यादी करून सहीची पावती घ्या, आणि पत्रांत घरातलं खाजगी असेल तर ते कोणाला वाचू द्यायचं हे आईला विचारून आधीच लेखी ठरवा.