आधी मार्कडाउन की डिटा?

प्रश्न : सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिण्याच्या कामात शिरायचं आहे. मार्कडाउन, अ‍ॅस्कीडॉक की डिटा, मजकुरात खुणा घालून मांडणी सांगायच्या या तीन पद्धतींपैकी आधी काय शिकू?

उत्तर : मार्कडाउनच. दोन-चार दिवसांत हात बसतो. फक्त क्रमांकित यादीत जपा. बऱ्याच साधनांत पायरीखालचा कोड ३ स्पेस आत हवा, आणि दहाव्या पायरीपासून ४, कारण आकडा दोन अंकी होतो. तिथे चुकलात की यादी मध्येच तुटते. शिवाय २००४च्या मूळ मार्कडाउनमध्ये तक्त्यांची खूणच नाही. ती नंतर ज्याने-त्याने आपापल्या परीने जोडली. म्हणून एका साधनात नीटस दिसणारा तक्ता दुसऱ्यात विस्कटतो.

एकच सूचना वीस पानांत लागणार असेल, तर अ‍ॅस्कीडॉक घ्या. त्यात इन्क्लूडची, म्हणजे एका फाइलमधला मजकूर दुसरीत ओढून घेण्याची, सोय अंगचीच आहे. डिटा एक्सएमएलवर, म्हणजे टॅग लावून मजकुराची रचना सांगणाऱ्या भाषेवर, उभी. नोकरीत मागितली तरच तिच्या वाटेला जा.