डिस्क एन्क्रिप्ट करतोयस? आधी एवढं बघ

तू रोज ठाणे-वाशी लोकलने जातोस आणि लॅपटॉप बॅगेत असतो म्हणालास ना, मग हे करच, त्या गर्दीत बॅग गेली की गेली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येत नसली, तर निदान डेटा चोराच्या हाती लागत नाही.

१. आधी बॅकअप. बाहेरच्या हार्डडिस्कवर सगळं घे आणि दोन-चार फाइल्स उघडून बघ खरंच आल्यात का, कारण लॅपटॉपची डिस्क पूर्ण पुसली जाणारे. चालू सिस्टीमवर एन्क्रिप्शन चढवायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस, उबुंटू किंवा मिंट (लिनक्सच्या सिस्टीम) नव्याने टाक, इन्स्टॉलरमध्येच तो पर्याय असतो, निवडलास की लक्सचं (LUKS, लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) सगळं तोच करतो.

२. पासवर्ड. नवीन लोक इथेच फसतात. एकमेकांशी काही संबंध नसलेले ५-६ शब्द घे, मराठी चालतील पण टाइप इंग्रजी अक्षरांत कर, बूट होताना देवनागरी कीबोर्ड मिळेलच असं नाही. कागदावर लिहून घरी कपाटात ठेव, बॅगेत नको. विसरलास तर डेटा कायमचा गेला, कुठलाच रिकव्हरीवाला परत आणू शकत नाही. माझे आईचे फोटो असेच गेलेत, अजून जीव तुटतो, म्हणून एवढं सांगतोय.

३. नुसतं झाकण लावून निघू नकोस. स्लीपमध्ये डिस्क उघडणारी किल्ली रॅममध्येच राहते, घरातून निघताना पूर्ण शटडाउन कर.

टीपीएम (किल्ली जपून ठेवणारी लॅपटॉपमधली चिप) वगैरे आत्ता राहू दे. आठवडाभर नीट चाललं की कळव, मग हेडरचा (डिस्कवरचा किल्लीची माहिती असलेला भाग) बॅकअप कसा घ्यायचा ते बघू. रविवारी निवांत बस, घाई नको, जमेल तुला.