श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर का? या गावाचा इतिहास काय आहे?

नोकरीसाठी श्रीरामपूरला येताय, पण तिकिटावर बेलापूर छापलंय आणि शोधायला गेलं की नवी मुंबईचं बेलापूर समोर येतं, असं तुम्ही लिहिलंय. काळजी करू नका, उतरायचं तिथंच. मी याच गावात लहानाचा मोठा झालो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हा आजचं श्रीरामपूर शहर नव्हतंच. प्रवरा नदीच्या काठी बेलापूर होतं. रूळ पडले ते त्याच्यापासून पाच-सहा किलोमीटर उत्तरेला. स्टेशनला नाव मिळालं त्या गावाचं, आणि स्टेशनभोवती जी वस्ती झाली तिला लोक बेलापूर रोड म्हणू लागले. आमच्या घरातली म्हातारी माणसं शेवटपर्यंत श्रीरामपूर म्हणाली नाहीत. "रोडला जाऊन येतो" असंच म्हणायची. पुढं गाव श्रीरामपूर झालं, स्टेशनचं नाव मागेच राहिलं.

पण रेल्वेमुळे गाव वसलं, एवढ्यावर थांबलात तर अर्धीच हकिगत कळेल. स्टेशनं त्या मार्गावर आणखीही झाली, सगळीकडे असं शहर उभं राहिलं नाही. हे गाव मोठं केलं पाटानं. पाट म्हणजे कालवा. सरकारी कागदावर प्रवरा डावा कालवा, आमच्या तोंडी नुसता पाट.

आमचा भाग पर्जन्यछायेचा. बाजरी, ज्वारी, आणि पावसानं दगा दिला की स्थलांतर. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी नगर जिल्हा पार होरपळून निघाला. प्रवरेवर ओझर आणि लाख इथले छोटे कालवे एकोणिसाव्या शतकातच झाले होते, पण ते वाहत्या नदीवर अवलंबून. नदी आटली की तेही आटायचे, म्हणजे नेमकी गरज असताना कोरडे. पाणी साठवल्याशिवाय भागणार नव्हतं. म्हणून अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला धरण बांधायला घेतलं. काम १९१० ला सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. उंची सुमारे ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी.

मला या व्यवस्थेचं अजूनही नवल वाटतं. धरणातून पाणी थेट कालव्यात येत नाही. ते प्रवरेच्या पात्रातच सोडतात. नदीनं ते संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, आणि तिथून डावा आणि उजवा असे दोन पाट निघतात. धरणाच्या वरच्या अंगाला घाटघर-रतनवाडीला कोसळलेला पाऊस असा आमच्या उसापर्यंत पोहोचतो. जुलैत आमच्याकडे आभाळ कोरडं असलं तरी माणसं विचारतात, "भंडारदरा किती भरलं?"

पाणी आलं, पण त्याचा फायदा आधी कोणाला झाला हे विचारायला हवं. ऊस लावायला भांडवल लागतं, आणि कर्जात बुडालेल्या जिरायत शेतकऱ्याकडे ते नव्हतं. नीरा नदीच्या पाटावर ऊसशेतीत हात बसलेले सासवडचे माळी बागायतदार इकडे आले. इथल्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते रावबहादूर नारायणराव बोरावके त्यांतलेच. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना झाला. १९३३ साली महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली, तेच टिळकनगर. कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडानं, म्हणजे भाडेपट्ट्यानं घेतल्या. बेलापूर रोडला साखर आणि गूळ उतरायचा, रेल्वेनं बाहेर जायचा. बाजारपेठ फुलली ती त्या जोरावर.

यातून दुसरी एक गोष्ट जन्मली, आणि माझ्या मते या गावाचा खरा मान तिथं आहे. १९४५ साली बेलापूर रोडला कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. ऊस पिकवणाऱ्यानंच कारखान्याचा मालक व्हावं, हा विचार तिथं बळावला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी तो मनावर घेतला, गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं, आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. महाराष्ट्राचं सहकारी साखरेचं राजकारण आणि अर्थकारण, चांगलं-वाईट सगळं, त्यातून पुढं आलं.

खंडानं गेलेल्या जमिनींचं काय झालं? १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, खासगी कारखान्यांच्या जास्तीच्या जमिनी सरकारनं घेतल्या, आणि १९६३ साली त्या कसायला शेती महामंडळ काढलं. मूळ मालक मात्र खंडकरीच, म्हणजे जमीन खंडानं देऊन बसलेलेच राहिले. माझ्या आजोबांनी एका कारखान्याला जमीन खंडानं दिली होती. मोर्चे, धरणे आंदोलनं, कोर्ट यांत वडिलांचं आयुष्य गेलं. २०१२ नंतर जमीन परत द्यायला सुरुवात झाली, तेव्हा ताबा घ्यायला मी गेलो. वाट्याला आलेल्या तुकड्याचा काही भाग चोपण, म्हणजे क्षार साचून नापीक झालेला होता. वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिलं आणि निचरा झाला नाही की काळी जमीन अशी मरते. पाटाखालच्या सगळ्याच पट्ट्यात हे दुखणं आहे. आम्ही चर काढले, शेणखत घातलं, ताग गाडला. आता तिथं गहू येतोय, ऊस मी मुद्दामच लावत नाही.

इथं आलात की आवर्तन, म्हणजे पाटाला पाण्याची पाळी, सुटलेलं असताना गावातल्या पाटावर एकदा संध्याकाळी जाऊन या. रामनवमीची यात्रा आणि सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मदर मेरीची यात्रा, दोन्ही चुकवू नका. आणि आरक्षण करताना गाडी बेलापूरला थांबते का ते बघा, श्रीरामपूर शोधत बसू नका.