मुदत संपणाऱ्या एफडीचे सहा लाख शेअरमध्ये टाकू का? वाळव्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा मेसेज दोनदा नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ताई वाळवा तालुक्यातल्या, मिस्टर एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर, स्वतः घरी शिलाईकाम करून महिन्याला तीनेक हजार मागे टाकतात, मुलगी अकरावी सायन्सला आहे, दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला घालायचीय. पतसंस्थेतल्या सहा लाखाच्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. भाऊजी म्हणतात, वहिनी एफडीत काय ठेवताय, सगळे शेअरमध्ये टाका, मी गेल्या महिन्यात ऑप्शनमध्ये चाळीस हजार काढले. आणि शेवटी ताईंनी लिहिलंय की शेअर म्हणजे नक्की काय तेच मला धड माहीत नाही, विचारायला लाज वाटते.

लाज कसली त्यात, उलट पैसे टाकायच्या आधी विचारलंत हेच मला फार बरं वाटलं. बहुतेक लोक माझ्याकडे टाकून झाल्यावर येतात.

तुमच्या सासऱ्यांकडे कारखान्याचा शेअर आहे असं तुम्हीच लिहिलंय ना, मग तिथूनच सुरू करू. साखर कारखाना उभा करायला पैसा लागतो, तो एकट्याकडे नसतो, म्हणून हजारो शेतकऱ्यांनी थोडे थोडे घातले आणि त्या बदल्यात प्रत्येकाला शेअर मिळाला, म्हणजे मालकीतला वाटा. बाजारातला शेअर मुळात हेच आहे. पण दोन फरक मोठे आहेत. कारखाना सहकारी, तिथे कुणाकडे एक शेअर असो की दहा, मत एकच, कंपनीत मात्र जेवढे शेअर तेवढी मतं. आणि कारखान्याचा शेअर उद्या सकाळी उठून कुणालाही विकता येत नाही, त्याची किंमत रोज वरखाली होत नाही, सवलतीची साखर मिळते आणि शेअर पेटीत पडून राहतो. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा शेअर सोमवार ते शुक्रवार, सव्वा नऊ ते साडेतीन, कधीही विकता येतो आणि त्याचा भाव दर सेकंदाला बदलतो.

हा भाव कोण ठरवतं, कंपनी नाही, सरकार पण नाही. विकणारा म्हणतो १०५ द्या, घेणारा म्हणतो १०३ ला देता का, दोघांचं जिथे जुळतं तो भाव. तासगावला बेदाण्याच्या सौद्यात जसं होतं तसंच, फक्त इथे कॉम्प्युटरवर. बीएसई १८७५ पासूनचा, एनएसई १९९० च्या दशकातला, हे दोन आपले मोठे बाजार आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे सेबी. तुम्ही सोमवारी शेअर घेतला तर मंगळवारी तो तुमच्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात येतो, कागद वगैरे काही नाही, बँकेच्या पासबुकात आकडा दिसतो तसा इथे शेअरचा आकडा दिसतो.

अजून एक गोष्ट, जी खूप जणांना वर्षानुवर्षं माहीत नसते. तुम्ही बाजारात शेअर घेता तेव्हा तुमचे पैसे कंपनीला जात नाहीत, ज्याने विकला त्याला जातात. कंपनीला पैसे मिळतात ते मुख्यतः आयपीओच्या वेळी, म्हणजे ती पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तेव्हा. म्हणजे तुम्ही घेताय तेव्हा समोर कुणीतरी तोच शेअर त्याच भावाला विकायला तयार बसलेला असतो, हे डोक्यात असू द्या.

मग फायदा कुठून होतो? एक तर डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, तो कंपनीने द्यायचा ठरवला तर. दुसरं म्हणजे कंपनीचा धंदा आणि नफा वर्षानुवर्षं वाढत गेला की तिच्या वाट्याची किंमत पण वाढते. सेन्सेक्स म्हणजे अशाच ३० मोठ्या कंपन्यांचा मिळून आकडा, १९७८-७९ साली तो १०० धरला होता आणि आज कुठे आहे ते तुम्ही रोज बातम्यांत ऐकताच. म्हणून शेअर बाजार म्हणजे जुगार हे मला मान्य नाही. पण आता ही दुसरी बाजू बघा, कारण तुमचा निर्णय इथेच अडतो.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजाराला टेकला होता, मार्च २००९ मध्ये तो आठ हजाराच्या आसपास होता. तुमचे सहा लाख तेव्हा असते तर कागदावर साधारण सव्वादोन-अडीच लाख दिसले असते. परत २१ हजार बघायला २०१० ची दिवाळी उजाडली, जवळजवळ पावणेतीन वर्षं. २०२० ला कोरोनात जानेवारीतला ४२ हजारावरचा सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजाराच्या खाली बंद झाला, सहाचे पावणेचारच्याही खाली, आणि नोव्हेंबरपर्यंत सगळं भरून आलं. एकदा पावणेतीन वर्षं, एकदा आठ-दहा महिने, आधी कुणालाच माहीत नव्हतं किती लागतील. आणि हा झाला ३० कंपन्यांचा हिशोब, एकट्या कंपनीचा शेअर परत वर येईलच असं काही नसतं, सत्यमचा शेअर जानेवारी २००९ मध्ये घोटाळा उघड झाला त्या एका दिवसात पाऊण टक्के नव्हे तर पाऊण हिस्सा पडला होता.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांनी घराच्या हप्त्यासाठी ठेवलेले पैसे २००७ च्या दिवाळीनंतर शेअरमध्ये घातले, कंपन्या चांगल्या निवडल्या होत्या, चूक कंपन्यांची नव्हती, पण बिल्डरला पैसे द्यायची तारीख २००९ च्या सुरुवातीला आली आणि निम्म्याहून कमी किमतीत विकावं लागलं. तेच शेअर त्यांनी अजून दोन वर्षं ठेवले असते तर पैसे परत आले असते, पण तारीख थांबत नाही ना. तुमच्या मुलीच्या ॲडमिशनची पण तारीख थांबणार नाही. म्हणून बाजार आता वर आहे की खाली हे मी बघतच नाहीये, तुम्हाला पैसे कधी लागणार एवढंच बघतोय. फीचे पैसे दोन वर्षांनी लागणार, त्यातला एक रुपया पण शेअरमध्ये नको.

आता भाऊजींच्या चाळीस हजारांचं. ते खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही, पण त्यांनी शेअर घेतलेलेच नाहीत, ऑप्शन घेतलेत, ती वेगळी गोष्ट आहे. जमिनीच्या व्यवहारात विसार देतो ना आपण, ठरलेल्या मुदतीत व्यवहार झाला नाही की विसार बुडाला, ऑप्शन घेणाऱ्याचं तसंच. भाव तुमच्या बाजूने आणि तेही मुदतीच्या आत हलला तर मोठा फायदा, नाहीतर दिलेले सगळे गेले. आणि जे ऑप्शन विकतात त्यांचं नुकसान तर कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशोब काढला होता, ऑप्शन आणि फ्युचर (म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे) करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखाच्या आसपास. भाऊजींना एका महिन्याचं नका विचारू, वर्षभराचं स्टेटमेंट दाखवा म्हणा, प्रेमाने म्हणा, त्यांची मला काळजी वाटतेय म्हणून सांगतोय. ते ज्या टेलिग्राम ग्रुपच्या टिप्स घेतात त्या चालवणाऱ्याचा सेबी रजिस्ट्रेशन नंबर पण विचारा आणि सेबीच्या साइटवर तो खरा आहे का बघा.

बरं, पण तुमच्या मेसेजमध्ये मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. सहा लाख एकाच पतसंस्थेत! बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या पण, माणशी एका बँकेत व्याजासकट पाच लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेला हा विमा लागू नाही. व्याज एक-दीड टक्का जास्त देतात ते ठीक आहे, पण मुलीच्या शिक्षणाचा पैसा तिथे अख्खा ठेवू नका.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. चार लाख बँकेत, दोन एफडी करून, एक पहिल्या वर्षाच्या ॲडमिशनच्या महिनाभर आधी संपणारी, दुसरी त्याच्या पुढच्या वर्षी. मिस्टरांची नोकरी कॉन्ट्रॅक्टची, घरखर्च तुम्ही २५ हजार लिहिलाय, म्हणून सहा महिन्यांचे दीड लाख दुसऱ्या बँकेत, कधीही मोडता येतील असे. राहिले पन्नास हजार. ते शेअरच्या वाटेला जाऊ देत, पण एका दिवसात नको, महिन्याला चार हजारांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम, इंडेक्स फंडात. हा फंड सेन्सेक्स किंवा निफ्टी (एनएसईचा तसाच ५० कंपन्यांचा आकडा) यातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालतो. डायरेक्ट प्लॅन घ्या, म्हणजे मध्ये एजंट नसलेला. निफ्टीच्या ५० नाहीतर सेन्सेक्सच्या ३० कंपन्या एकदम मिळतात, कुठली घ्यायची ते डोकं चालवावं लागत नाही, खर्च वर्षाला शंभर रुपयांमागे वीस-तीस पैसे. वर्षाने ते पैसे संपले की शिलाईच्या बचतीतून दोन हजार चालू ठेवा, हे पैसे सात-आठ वर्षं लागणार नाहीत असं धरून. मध्ये कधी तीस टक्के खाली दिसेल, तेव्हा बंद करू नका, मला मेसेज करा.

आणि शिकायची हौस असेल तर त्यातलेच चार-पाच हजार बाजूला काढून तुमच्या रोजच्या वापरातलं काही बनवणाऱ्या कंपनीचे दोन-चार शेअर घ्या. डिव्हिडंड खात्यात कसा येतो, वार्षिक अहवाल मेलवर कसा येतो, भाव पडला की पोटात कसा गोळा येतो, हे थोड्या पैशात कळलेलं चांगलं. डिमॅट स्वतःच्या नावावर आणि नॉमिनी लावून. पासवर्ड, ओटीपी भाऊजींना पण द्यायचा नाही, त्यांनी वाईट वाटून घेतलं तरी.

मुदत संपायच्या आधीच पतसंस्थेत जाऊन या, ठेव आपोआप रिन्यू होणार आहे का ते विचारा आणि नको असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या, मूळ पावती आणि पॅन सोबत ठेवा. पैसे रोख घेऊ नका, थेट बँक खात्यात मागा. काही कारण सांगून तारीख पुढे ढकलायला लागले तर गप्प बसू नका, त्याच दिवशी मला कळवा.