कोळसुनावरून माणूस घडवताना

तुमच्या कथेतील नायकाला तुम्ही वाघाचे डोळे आणि वाघाची झेप दिली आहे. परंतु ही उपमा झाली, पात्र नव्हे. त्याऐवजी कोळसून, म्हणजे आपला रानकुत्रा, घेऊन पाहावा, असे मला मनापासून वाटते. साधारण 12 ते 20 किलो वजनाचा हा तांबूस प्राणी कळपाच्या बळावर सांबर पाडतो, दाट झाडीत पांगलेल्या सोबत्यांशी शीळ घालून संपर्क ठेवतो आणि शिकार झाल्यावर पिल्लांना आधी खाऊ देतो.

रंग, शेपूट, दात विसरून या सवयी तेवढ्या उचलाव्यात. समजा, ऊसतोडीच्या टोळीत एक वयस्क बाई आहे. अंधारात फडातून परतताना ती शीळ घालून मागे राहिलेल्यांचा कानोसा घेते, कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, आल्यावर भाकरी मोडून आधी लेकरांच्या हातात तुकडे ठेवते आणि सर्वांचे झाल्यावर तव्याला चिकटलेले पिठले खरवडून स्वतः जेवते. तिला कोठेही ‘रानकुत्र्यासारखी’ म्हणू नका. मात्र टोळीपासून ती एकटी पडली तर काय करील, हे अवश्य लिहून पाहा. मी स्वतः कच्चा खर्डा नेहमी तेथूनच सुरू करतो.