२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे संगणकाशिवाय भाच्याला कसं पटवू? आणि तिच्यात विशेष काय?

हाताने भागून पटवता येतं. अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत, गिरगावातल्या चाळीत बसून मी ते केलंय.

दादरच्या ज्या क्लासला मी जायचे, तिथल्या सरांनी फळ्यावर लिहिलं : घातांक मूळ असला की २ चा तो घात वजा १ ही संख्याही मूळच. मी हात वर केला. ११ वा घात घेतला तर २०४७ येतात, आणि २३ गुणिले ८९ म्हणजे २०४७. सर म्हणाले, "परीक्षेला येणार आहे का हे? बस खाली." फळा पुसलासुद्धा नाही. सगळ्या वर्गाने ते चुकीचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला ते अजून सलतं.

घरी येऊन रडले. बाबा म्हणाले, "मग जी खरोखर मूळ आहे ती करून दाखव." गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ३१ व्या घाताची संख्या (२ चा ३१ वा घात वजा १) मूळ ठरवली होती, ती म्हणजे तुमची ही. वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी भागायचं तर पावणेपाच हजारांवर भागाकार. पण इथे मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवूनच येतो (२३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १), आणि त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. म्हणून घातांक ३१ साठी फक्त २४८ च्या (६२ आणि ८ चा लसावि) पटीत १ किंवा ६३ मिळवलेल्या संख्या तपासायच्या. त्या ३७३ भरतात. ३, ५, ७ ने भाग जाणाऱ्या आधीच गळतात.

बाबा कंपोझिटर. छापखान्यातले पाठकोरे कागद आणायचे. मी दिवसभर भागायचे, रात्री जेवणं झाली की ते गुणून ताळा करायचे. अकरा दिवस लागले. कुठेच बाकी शून्य आली नाही.

कोणत्या घातांकांना अशी संख्या मूळ येते, याची फ्रेंच गणितज्ञ मेर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या यादीतही चुका होत्या. त्याने मूळ म्हटलेली ६७ व्या घाताची संख्या अमेरिकन गणितज्ञ कोलने १९०३ मध्ये फोडून दाखवली : १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. चूक कुणाचीही होते. ती कळूनही फळ्यावर तशीच ठेवणारा माणूस शिकवायच्या लायकीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

विशेष म्हणाल, तर ही आठवी मेर्सेन मूळ संख्या (२ चा घात वजा १ अशी मूळ संख्या), आणि हिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकीच असलेली. प्रोग्रॅमरना ती ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (signed, म्हणजे ऋण संख्याही मावणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणून पाठ असते. त्याचा मूळ असण्याशी संबंध नाही.

एक मात्र आहे, भागाकाराची ही रीत लहान घातांकांपुरतीच. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी संख्येपुढे ती चालत नाही. तिथे लुकास-लेमर चाचणी लागते : ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, मग आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, हे घातांकाहून २ कमी वेळा. ३१ या लहान संख्येसाठी (घातांक ५) करून बघा : ४, १४, ८, ०. शेवटी शून्य आलं, म्हणजे मूळ. भाच्याकडून आधी हे करून घ्या.

आणि त्याला कुठल्या क्लासला घालणार असाल, तर फी भरण्याआधी तिथल्या सरांना २०४७ बद्दल विचारा.