मुबारक गेला, तलाठी राहिला

प्रश्न : सर, २०११ साली टीव्हीवर कैरोच्या तहरीर चौकातली गर्दी बघून माझे डोळे भरून आले होते. आता कॉलेजात जाणारी मुलगी विचारते, "पप्पा, शेवटी तिथं लष्करच बसलं ना? मग तुम्ही रडलात कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. अशा उठावांवर आशा ठेवायची की नाही?
– एक वाचक, विटा

उत्तर : रडलात तर काय झालं, मी तर शिकवून बसलोय! ११ फेब्रुवारीच्या रात्री इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष मुबारक सत्ता सोडून गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. तासगावात नववीच्या वर्गात धडा बाजूला ठेवून मी फळ्यावर नाईल काढली आणि छातीठोकपणे सांगितलं, आता तिथं निवडणूक होणार. झालीही, २०१२ ला. पुढच्याच वर्षी जुलैत लष्करप्रमुख सिसींनी निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवलं. तोवर ती पोरं बारावीला गेली होती. जाब विचारायला कुणी आलं नाही, हे माझं नशीब.

माझी आजी कुंडलजवळची. प्रतिसरकारच्या, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारच्या दिवसांत तिनं भूमिगतांना भाकरी पोचवल्या. स्वातंत्र्याचा विषय निघाला की म्हणायची, "गोरा गेला रं, पन तलाठी त्योच व्हता." हे मला उमगलं ते इजिप्तनंतर. चौकात लोक 'जनता आणि लष्कर एक हात' म्हणत होते, आणि मुबारक गेल्यावर कारभार गेला तो लष्करी मंडळाकडेच.

नाना पाटलांच्या माणसांनी १९४३ पासून वेगळं केलं. तेव्हा आपला विटा-तासगावचा भाग सातारा जिल्ह्यातच होता. इंग्रज असतानाच त्यांनी गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, तंटे मिटवले, कमी खर्चात लग्नं लावली. दुसऱ्या दिवशीचा कारभार आदल्या दिवशीच सुरू. सगळं गोड नव्हतं म्हणा. आमच्या भावकीतल्या एकाला बांधाच्या भांडणापायी पत्री (तळपायांवर मारायची शिक्षा) बसली, असं आजी आवाज उतरवून सांगायची.

म्हणून मी म्हणायचो, पाठीशी संघटना असेल तर उठाव टिकतो. ट्युनिशियानं तेही मोडलं. सिदी बुझिदच्या फळविक्रेत्यानं स्वतःला पेटवून घेतलं, महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष बेन अली पळाला. तिथं जुन्या, बळकट कामगार संघटना होत्या, २०१४ ला चांगली राज्यघटनाही झाली. तरी २०२१ ला निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांनीच संसद गोठवली. इथं माझं गणित चुकतं.

मुलीला एकदा सातारा जिल्ह्यातल्या वडूजला न्या. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथल्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, नऊजण गेले. त्या संध्याकाळी कुणी 'काय मिळालं?' म्हणून विचारलं असतं, तर दाखवण्यासारखं गावाकडे काहीच नव्हतं. म्हणून आशा मी सोडलेली नाही, घाई सोडलीय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाक्यातून निघाल्या तेव्हा नातू नाचत आला, "आजोबा, पळाल्या!" त्याला म्हटलं, बस इथं, आधी लष्करप्रमुख काय म्हणतोय ते ऐकू.